सहा विरुद्ध एक

मराठी माणसाच्या तोंडी दिवसातून एकदा तरी येणारं एक वाक्य मंत्रीकाकांच्या तोंडून मी चार वर्षांत एकदाही ऐकलं नाही. ‘मी तेव्हाच म्हटलं होतं.’ आमच्या घरात हे वाक्य मिठासारखं लागतं. दूध उतू जावो, बेसमेंटमध्ये पाणी शिरो, की पुण्यात कुणाचं ठरलेलं लग्न मोडो, माझा नवरा शिरीष आणि मी, दोघांपैकी जो आधी पोचेल तो हे वाक्य म्हणून मोकळा होतो. मंत्रीकाकांना ते येतच नव्हतं म्हणा ना. ठरायच्या आधी हवं तेवढं भांडावं आणि एकदा ठरलं की ते आपलं म्हणावं, असा त्यांचा खाक्या होता. मला सुरुवातीला याचं फार कौतुक वाटायचं. आता काय वाटतं ते धड सांगता येत नाही, म्हणून तर हे लिहायला बसले आहे.

मंत्रीकाका म्हणजे आमच्या शेजारच्या रेगुलाचे वडील. रेगुला स्विस, माझ्याहून दोन-तीन वर्षांनी लहान, शिकागोत इंजिनिअर, रोज सकाळची ट्रेन पकडणारी. तिची आई गेली तेव्हा ती वडिलांना इकडं, शिकागोजवळच्या आमच्या नेपरव्हिलला, घेऊन आली. पहिल्याच रविवारी उंच, किंचित वाकलेले, टाय लावलेले हे गृहस्थ आमच्या दारात उभे राहिले आणि त्यांनी स्वतःची ओळख करून दिली. स्वित्झर्लंडमधल्या एका छोट्या कँटनचे ते बारा वर्षं अर्थ आणि व्यापार खात्याचे मंत्री होते. पुढे देशाच्या संसदेत वरिष्ठ सभागृहात गेले, आणि तिथंही सगळी वर्षं व्यापाराच्या कामातच घालवली. कँटन म्हणजे तिकडचं राज्य. आकारानं आपल्या एखाद्या तालुक्याएवढं. ते बोलत असताना शिरीष त्यांच्या मागं डोकावून पाहत होता. ते गेल्यावर मला म्हणाला, “मिनिस्टर होता आणि चालत आला, यार! आपल्याकडे नगरसेवकाच्या मेव्हण्याच्या गाडीवरसुद्धा पाटी असते.” त्या दिवसापासून ते आमचे मंत्रीकाका झाले. त्यांना या नावाचा अर्थ सांगितला तेव्हा ते म्हणाले, “मंत्री होतो. काका पहिल्यांदाच होतोय.” मला ते ‘फ्राउ शुभा’, म्हणजे शुभाबाई, म्हणायचे. आमचं बोलणं अर्थातच इंग्रजीत व्हायचं. इथं मी ते मराठीत लिहिते आहे.

मंत्री असताना ते रोज गावाहून आगगाडीनं मंत्रालयात जायचे, पाठीवरच्या सॅकमध्ये डबा घेऊन. डब्यात काय, तर पाव, चीज आणि सफरचंद. सात मंत्री, सगळे वेगवेगळ्या पक्षांचे, आणि तरी सातही जण एकत्रच राज्य चालवणार. हे ऐकून शिरीषला हसू आवरेना. “मग विरोधी पक्ष कुठं असतो?” त्यानं विचारलं. मंत्रीकाका गंभीरपणे म्हणाले, “खोलीच्या आत. दार उघडलं की नसतो.” सातांनी आत बसून मतं द्यायची, बहुमतानं ठरवायचं, आणि बाहेर आल्यावर ज्यानं विरोधात मत दिलं असेल त्यानंही तो निर्णय आपलाच म्हणून लोकांपुढे मांडायचा. आत कुणी काय मत दिलं ते बाहेर कुणाला कळता कामा नये; बायकोलासुद्धा नाही. हा त्यांच्याकडचा शिरस्ता, आणि मंत्रीकाकांनी तो अंगात मुरवून घेतला होता.

दुसरी सवय म्हणजे काहीही करायच्या आधी सगळ्यांचं मत लेखी मागवायचं. त्यांना अंगणात टोमॅटो लावायचे होते, तर आमच्या पोस्टाच्या पेटीत टाइप केलेलं पत्र आलं. दोन्ही शेजाऱ्यांनी तीन आठवड्यांत आपलं म्हणणं कळवावं, हरकत असल्यास कारणं द्यावीत. शिरीषनं ‘नो ऑब्जेक्शन’ एवढंच लिहून दिलं, तर ते विचारायला आले की हे खरोखरचं मत आहे की कंटाळा. आमच्या मुलीला, सईला, हे इतकं आवडलं की ती कॉलेजातून घरी आली की विचारायची, “एनी न्यू लेजिस्लेशन?”

एकदा मी त्यांना आमच्या मराठी मंडळाच्या कमिटी मीटिंगला घेऊन गेले. दिवाळीच्या जेवणात मसालेभात करायचा की पुलाव, यावरून तिथं दोन तास खडाजंगी चालली होती. मंत्रीकाकांनी हात वर करून सुचवलं की सर्व सभासदांचं लेखी मत मागवावं. मागवलं. चाळीस घरांतून निबंध आले. एका काकूंनी तर आपल्या मुलीच्या लग्नातल्या मसालेभाताची आठवण दोन पानं लिहून पाठवली. शेवटी पुलाव जिंकला. मंत्रीकाकांना मसालेभात जिवापाड आवडायचा आणि त्यांचं मत त्यालाच होतं, हे मला माहीत होतं. पण जेवणाच्या दिवशी ते टायवर एप्रन बांधून पुलावाच्या भांड्यामागे उभे राहिले आणि प्रत्येकाला वाढताना ठाम, शांत आवाजात सांगू लागले, “आपण फार चांगली निवड केली.” त्याच वेळी हरलेला पक्ष पानावर बसून, खाता खाता, मसालेभातच कसा हवा होता ते ऐकवत होता. आम्ही ही गोष्ट पुढं कित्येक महिने हसून सांगत होतो.

त्यांची आणि माझी दोस्ती जमली ती चीजच्या भोकांवरून. मी विमानतळाजवळच्या एका ऑफिसात काम करते. बाहेरून आलेल्या मालाची कस्टम्सची कागदपत्रं करून द्यायची, हे आमचं काम. या कामात माझ्या घरच्यांना काडीचा रस नाही. भोकं असलेल्या चीजचा कस्टम्समधला क्रमांक वेगळा आणि भोकं नसलेल्याचा वेगळा, हे मी एकदा गप्पांत सहज बोलले, तर मंत्रीकाकांचा चेहरा उजळला. भोकाचा व्यास केवढा असला म्हणजे ते भोक धरायचं यावर त्यांनी म्हणे एकदा परदेशी अधिकाऱ्यांशी दोन दिवस चर्चा केली होती. त्यानंतर मी पाच वाजता ऑफिसातून येऊन गाडी लावली की ते त्यांच्या दारातून आमच्या दारात यायचे. मी चहा टाकायची आणि ते विचारायचे, “आज बंदरावर काय?” वीस वर्षांच्या नोकरीत माझ्या कामाबद्दल इतक्या आस्थेनं मला कुणी विचारलं नव्हतं.

व्यापाराच्या वाटाघाटींसाठी ते दिल्लीलाही तीनदा जाऊन आले होते. तिथल्या अधिकाऱ्यांबद्दल ते आदरानं बोलायचे. सगळं ठरलं, आता सह्याच बाकी, असं वाटायचं आणि शेवटच्या दिवशी चहा घेता घेता कुणीतरी एक बारीकशी ओळ काढायचं, की गाडी पुन्हा तिथंच अडायची. मी म्हटलं, “आमच्याकडे याला हत्ती गेला आणि शेपूट राहिलं असं म्हणतात.” हे त्यांनी खिशातल्या वहीत लिहून घेतलं. सगळ्या व्यापारी करारांचा इतिहास या एका वाक्यात आहे, आणि हे आपल्याला नोकरीत असताना माहीत असतं तर फार मनस्ताप वाचला असता, असं ते म्हणाले.

त्यांच्या बोलण्यात सगळ्यांत जास्त यायचं ते त्यांचं गाव. दरीतलं लहानसं गाव, आणि तिथं त्यांच्या मेव्हण्याचा, म्हणजे रेगुलाच्या मामाचा कारखाना. दातांच्या डॉक्टरांची बारीक ड्रिल तिथं व्हायची. निम्मं गाव त्या कारखान्यात कामाला आणि निम्म्याहून जास्त माल अमेरिकेतल्या एकाच मोठ्या गिऱ्हाइकाला. मंत्रीकाकांच्या बायकोला त्याच गावात पुरलं होतं. इकडं आल्यापासून त्यांना तिच्या थडग्यापाशी एकदा जायचं होतं. बाकी कसलीच मागणी नव्हती. हृदय अधू असल्यानं डॉक्टरांनी एकट्यानं विमानप्रवास करू नका असं बजावलं होतं, त्यामुळे रेगुलानं बरोबर जाणं भाग होतं. तिला तीन वर्षांत सवड झाली नव्हती. अखेर गेल्या वर्षी सप्टेंबरची दोन तिकिटं तिनं काढली. मामाकडे उतरायचं ठरलं. मंत्रीकाकांनी मे महिन्यातच सॅक भरून दाराशी ठेवली.

आणि त्या उन्हाळ्यात अमेरिकेचे टॅरिफ, म्हणजे आयातीवरचे नवे कर, आले. स्विस मालावर तर इतके, की आमच्या ऑफिसात पहिल्यांदा आकडा वाचला तेव्हा टायपिंगची चूक असेल असं वाटलं. दिवसभर फोन वाजायचे. लहान लहान दुकानदार विचारायचे, माल समुद्रात आहे, आता काय करू? मी नुसती अर्ज भरून देणारी बाई. पाच वाजता मंत्रीकाका यायचे, पण ‘आज बंदरावर काय’ हे त्यांना विचारवायचं नाही. ते समोर बसून राहायचे. आयुष्यभर ज्या माणसानं एकेका ओळीसाठी दोन-दोन दिवस वाटाघाटी केल्या, त्याला ही एका घोषणेत झालेली गोष्ट समजूनच घेता येत नव्हती. “मत कुणाचं मागवलं?” असं त्यांनी मला एकदा विचारलं.

मग त्यांनी पत्रं लिहायला घेतली. आमचे खासदार, सिनेटर, त्यांच्या समित्यांचे सगळे सभासद, झाडून सगळ्यांना. जाड कागदावर, विनयानं, प्रत्येकाला वेगळं. माझ्याकडून ते तपशील तपासून घ्यायचे. उत्तरं आली ती छापील: आपलं मत आम्हांला मोलाचं वाटतं. सगळ्यांची भाषा जवळजवळ सारखीच. मंत्रीकाका प्रत्येक उत्तर चष्मा लावून शेवटपर्यंत वाचायचे, भोकं पाडून फाइलला लावायचे आणि म्हणायचे, “त्यांनी उत्तर दिलं, हे महत्त्वाचं.” मला तेव्हा रडू यायचं. शिरीष म्हणायचा, “त्यांना सांग ना, ही ऑटोमॅटिक लेटर्स आहेत.” मी काही सांगितलं नाही. एवढी हिंमत माझ्यात नव्हती.

ऑगस्ट संपता संपता अमेरिकेतल्या गिऱ्हाइकानं ऑर्डर कॅन्सल केली. पुढं दर खाली आले, पण गेलेलं गिऱ्हाईक काही परत आलं नाही. मामानं अर्धी माणसं घरी बसवली. आणि त्या दिवसापासून शेजारच्या घरातलं बोलणं थांबलं. कारण असं, की त्या कारखान्याला अमेरिकेच्या दावणीला बांधलं होतं ते खुद्द मंत्रीकाकांनीच, असं सारं गाव मानत होतं. तीसेक वर्षांपूर्वी त्या मोठ्या गिऱ्हाइकासाठी नवा कारखाना बांधायचा, त्यासाठी गावानं आपलं सामायिक कुरण द्यायचं, अशी कँटनची योजना होती. मंत्रीकाका स्वतः गावच्या सभेत दोन तास बोलले होते. लोकांनी हात वर करून कुरण दिलं. रेगुला तेव्हा सोळा वर्षांची, सभेच्या मागच्या भिंतीशी उभी होती. तिनं मला सांगितलं, “आईनं पण हात वर केला. कुरणात तिच्या माहेरचा वाटा होता. पपा म्हणाले म्हणून.” मामानं फोनवर तिला विचारलं होतं, तुझा बाप आता कुठल्या तोंडानं येतो? तिनं तिकिटं रद्द केली. मंत्रीकाकांनी सॅक रिकामी केली आणि कपडे घड्या करून परत कपाटात ठेवले.

ऑक्टोबरात माझ्या ऑफिसात एक प्रकार झाला. दर खाली येतील या आशेवर आमच्या बॉसनं एका बाईंचा माल गोदामातच अडकवून ठेवायचं ठरवलं. मी विरोध केला होता. दर काही तेव्हा खाली आले नाहीत आणि त्या बाईंचा सीझन निघून गेला. फोनवर त्या रडायला लागल्या तेव्हा मी त्यांना म्हटलं, “मी बॉसला आधीच सांगितलं होतं, असं करू नका म्हणून.” पाच वाजता हे मी मंत्रीकाकांना मोठ्या तोऱ्यात सांगितलं. त्यांनी कप खाली ठेवला.

“हे तू बोलायला नको होतंस, फ्राउ शुभा.”

“का? खरं होतं ते.”

“असेल. पण तू त्या बाईंना काय दिलंस? त्यांचं नुकसान तर तसंच राहिलं. तू फक्त स्वतःला बाजूला काढलंस.”

मला राग आला. मी म्हटलं, “तुम्हांला बोलायला काय जातं! तुमच्यावर कधी अशी वेळ आली नसेल.” त्यांनी कप थोडा बाजूला सरकवला. मग म्हणाले, “एकदा सात जणांत एक जण विरोधात होता. तो म्हणत होता, सगळं गाव एकाच गिऱ्हाइकाच्या दारात नेऊन उभं करू नका. सहा विरुद्ध एक असं ठरलं. आणि ज्याचं खातं, त्यालाच गावात जाऊन ते पटवून द्यायचं होतं.” मला समजायला क्षणभर लागला. व्यापार खातं कुणाचं होतं ते मला माहीत होतं.

“म्हणजे तुम्ही विरोधात होता? आणि तरी दोन तास बोललात?”

“अर्ध्या मनानं बोललो असतो, तर तो विश्वासघात झाला असता. सकाळी नाश्त्याला बायकोनं विचारलं, तुला स्वतःला काय वाटतं? मी म्हटलं, मंत्रिमंडळाला वाटतं की हे गावाच्या हिताचं आहे.”

“आणि त्यांनी हात वर केला.”

“हो,” ते म्हणाले. “त्याला माझ्याकडे आजही उत्तर नाही.”

चहा तसाच निवत राहिला. हे कुणाला सांगू नकोस, असं ते म्हणाले नाहीत. सांगायची गरज त्यांना वाटली नसावी. पण माझ्या पोटात हे कुठलं राहायला! इकडं एक म्हातारा माणूस बायकोच्या थडग्यापाशी जायला मिळावं म्हणून झुरतोय, तिकडं मुलगी रागानं त्याच्याशी बोलत नाही, आणि त्या रागाचं औषध माझ्या एकटीकडे आहे. आपल्या लोकांना चार घरं पलीकडचं भांडणही आपलंच वाटतं. हे तर शेजारचंच होतं. महिनाभर मी कशीबशी कळ काढली.

नोव्हेंबरातल्या एका शनिवारी सकाळी रेगुला आमची शिडी परत द्यायला आली. मी पोहे करत होते. बस म्हटलं, बशी पुढं केली. बोलता बोलता ती म्हणाली की मामानं आणखी काही माणसं कमी केली. आणि मी बोलून गेले. “रेगुला, तुझे वडील त्या योजनेच्या विरोधात होते. सातांत ते एकटेच. त्यांनी स्वतः मला सांगितलं.” मला वाटलं होतं, तिचे डोळे भरतील, ती धावत घरी जाईल, त्यांच्या गळ्यात पडेल.

रेगुलानं चमचा बशीत ठेवला. तिचा चेहरा पार उतरला.

“म्हणजे त्यांना माहीत होतं,” ती म्हणाली.

“अगं, म्हणजे त्यांचा दोष नव्हता—”

“आजवर मला वाटत होतं, ते चुकले. माणूस चुकतो, शुभा. उन्हाळ्यापासून मी स्वतःला हेच समजावत होते, आणि आता कुठं ते पटायला लागलं होतं. पण त्यांना माहीत होतं. आणि त्यांनी आईला हात वर करू दिला.”

ती उठून गेली. पोहे तसेच राहिले. शिरीष जिन्यावरून ऐकत होता. “अगं, तू कशाला मध्ये पडलीस? इट्स देअर फॅमिली मॅटर, यार,” तो म्हणाला. मी त्याच्यावर ओरडले, पण आवाजात जोर नव्हता.

दुपारी रेगुलानं मला बोलावलं. मंत्रीकाका खिडकीजवळच्या खुर्चीत बसले होते, टाय लावलेला, हात गुडघ्यांवर. रेगुला उभीच होती. तिनं त्यांना सगळं नुकतंच विचारलं असावं. “पपा, शुभानं मला हे तुम्हांला विचारून सांगितलं? की ती आपल्या मनानंच बोलली?” तीस वर्षं ज्यांनी बायकोलाही जे कळू दिलं नाही, ते मी पोह्यांबरोबर वाढून मोकळी झाले होते. त्यांनी माझ्याकडे पाहिलं. त्या नजरेत मला राग दिसला असता तर फार बरं झालं असतं. मग ते मुलीकडे वळून ठाम, शांत आवाजात म्हणाले, “आम्ही दोघांनी मिळून ठरवलं, की तुला हे कळायला हवं.”

तो आवाज मला ओळखीचा होता. मी तोंड उघडायला हवं होतं. नाही उघडलं. रेगुला आत गेली, आणि मी घरी परत आले.

दोन दिवसांनी पाच वाजता ते नेहमीसारखे आले. मी म्हटलं, “काका, माझं चुकलं. फार मोठं चुकलं.” त्यांनी हात किंचित वर केला, सभेत अध्यक्ष करतो तसा. “ठराव झाला. पुढचा विषय?” मी नुसता चहा टाकला. मग तेच म्हणाले, “आज बंदरावर काय?” आणि मी रडत रडत त्यांना कुठल्यातरी अडकलेल्या कंटेनरची गोष्ट सांगितली. त्यांनी ती शेवटपर्यंत ऐकली, मधे दोन प्रश्नही विचारले.

रेगुलानं त्यांची आबाळ कधी केली नाही. औषधं वेळेवर, जेवण वेळेवर, डॉक्टरकडे नेणं-आणणं वेळेवर. पण दोघं एका टेबलाशी बसून जेवायची आणि काट्याचमच्यांचाच आवाज यायचा. शिरीष एकदा म्हणाला, “ख्रिसमसला कदाचित ती त्यांना घेऊन गेली असती गं. राग निवत आला होता तिचा, तीच म्हणाली ना तुला?” त्यानं ते दुखवायला म्हटलं नव्हतं. सुट्टीला आलेल्या सईला सगळं सांगितलं, तेव्हा तीही माझ्याकडे बघत राहिली. “आई, व्हाय वुड यू डू दॅट?” माझ्याकडे एकच उत्तर होतं, की मला त्यांचं बरं करायचं होतं. ते मला मोठ्यानं म्हणवेना.

फेब्रुवारीत, बर्फ पडत असताना, मंत्रीकाका गेले. सकाळी हॉस्पिटलात नेलं, दुपारी संपलं. मी पोचले तेव्हा रेगुला त्यांचा टाय घडी करून हातात घेऊन बसली होती. एप्रिलमध्ये ती अस्थी घेऊन गावी गेली. म्हणजे अखेर बापलेक बरोबर गेले. विमानतळावर मीच त्यांना सोडलं. अस्थींचा डबा तिनं पाठीवरच्या सॅकमध्ये ठेवला होता आणि सुरक्षा तपासणीच्या रांगेत ती सॅक पुढं घेऊन, दोन्ही हातांनी धरून उभी होती. मला तिथं थांबवेना, तरी ती दिसेनाशी होईपर्यंत थांबले.

परत आल्यावर दुसऱ्याच दिवशी ती आमच्याकडे आली. विमानप्रवासाचा शीण डोळ्यांत दिसत होता. मी चहा टाकला. थडगं आईच्या शेजारीच मिळालं, म्हणाली. चर्च भरलं होतं, कारखान्यातून काढलेली माणसंसुद्धा आली होती. आणि मामा बोलायला उभा राहिला.

“काय म्हणाला?” मी विचारलं.

“म्हणाला, ‘माझ्या मेव्हण्याचं चुकलं. त्याची किंमत आज गाव मोजतंय. पण त्याच्या पोटात एक आणि ओठांत एक असं कधी नव्हतं. त्याला जे वाटलं, तेच तो त्या दिवशी आमच्यासमोर उभा राहून बोलला. म्हणून आपण सगळे आज इथं आलो.’ आणि म्हातारा रडायला लागला, शुभा. सगळं चर्च रडत होतं.”

“आणि तू?”

“मी पहिल्या रांगेत होते. खरं काय ते त्या अख्ख्या चर्चमध्ये मला एकटीला माहीत होतं. मामा खाली उतरताना अडखळला, त्याला हात देऊन जागेवर आणून बसवलं. बस. बोलले काहीच नाही.” ती कपाशी चाळा करत राहिली. “कुणाला सांगायचं? आणि काय म्हणून?”

मी काही बोलले नाही. बोलून काय होतं ते मी पाहिलं होतं.

थोड्या वेळानं ती म्हणाली, “परत येताना विमानात एकच विचार करत होते. आईला त्यांनी सांगितलं नाही. मामाला नाही, गावाला नाही. पण मला सांगायचं ठरवलं. तुझ्या तोंडून का होईना. मी त्या वेळी रागात होते, मला ते दिसलंच नाही. तीस वर्षांत त्यांनी तो नियम एकदाच मोडला, आणि तो माझ्यासाठी.” तिचे डोळे भरून आले होते, आणि त्या शनिवारी मला जे बघायचं होतं ते आत्ता मला बघवत नव्हतं. “तुम्ही दोघांनी ठरवलंत ना, तेव्हा आधी कोण म्हणालं? मला सांगावं असं?”

खरं सांगितलं असतं, तर माझ्या छातीवरचा धोंडा उतरला असता. आणि तिच्याकडे मग काहीच उरलं नसतं.

“ते,” मी म्हटलं.